गाळपेरीतलं बेट

वत्सलाबाई पगारे खोटं बोलत नसत. निदान त्यांचं स्वतःबद्दल तसं मत होतं, आणि पंचवटीतल्या शाळेत एकोणीस वर्षं चौथीला भूगोल शिकवताना त्या मताला कोणी धक्का लावला नव्हता. तो लागला १९८१ सालच्या मार्चमध्ये, मधल्या सुट्टीत, शिक्षकांच्या खोलीत. लावणाऱ्याही त्या स्वतःच होत्या.

झालं असं, की तिसरीच्या विमलाबाई आहेर दिवाळीत अंदमानला जाऊन आल्या होत्या. त्यांचे दीर तिकडे नोकरीला. फोटो धुऊन यायला चार महिने लागले आणि आल्या दिवशी ते सगळ्यांच्या हातांतून फिरले. एका फोटोत निळ्या पाण्याकाठी तंबू, तंबूपुढे घडीची खुर्ची आणि खुर्चीत विमलाबाई. पाय वाळूत. चेहऱ्यावर असा भाव, की वह्या तपासणं म्हणजे काय असतं हे या बाईला ठाऊकच नसावं.

"सात दिवस काही म्हणजे काही केलं नाही हो," विमलाबाई म्हणाल्या.

ते वाक्य वत्सलाबाईंना नेमकं लागलं. लग्न झाल्यापासून सात दिवस राहोत, सात मिनिटंही त्या काही न करता बसल्या नव्हत्या. शिवाय बेट म्हणजे चहूबाजूंनी पाण्याने वेढलेला भूभाग, हे एकोणीस वर्षं पोरांकडून घोकून घ्यायचं त्यांनी आणि पाहायचं विमलाबाईंनी? तोंडातून शब्द निघून गेले.

"आम्हीसुद्धा चाललोय ना मे महिन्यात. बेटावरच. तंबू घेऊन."

"अय्या! कुठल्या बेटावर?"

"छोटंसं आहे. नकाशात दाखवत नाहीत."

घंटा झाली म्हणून पुढचं वाचलं.

संध्याकाळी त्यांनी हे नवऱ्याला सांगितलं. जयरामराव पगारे पाटबंधारे खात्याच्या एका कचेरीत मुख्य कारकून होते. माणूस मुळात कमी बोलणारा. कचेरीत दिवसभर कागद बोलत असल्यामुळे घरी आल्यावर आणखी कमी. त्यांनी सगळं ऐकलं, चहाची बशी खाली ठेवली आणि विचारलं, "बेटच पाहिजे?"

"आता सांगून बसलेय ना मी."

"मग आमच्याकडे आहे एक."

दिंडोरीच्या पुढे, पिंपळखोऱ्याच्या धरणात एक टेकाड होतं. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई आणि होळीच्या सुमाराला पाणी उतरलं की वर येई. चारी बाजूंनी पाणी, मध्ये दोन-तीन एकर जमीन. वत्सलाबाईंना आधी हसू आलं, मग राग आला, आणि मग लक्षात आलं की हे खरोखरच नकाशात दाखवत नाहीत. म्हणजे त्या तितक्याशा खोटं बोललेल्या नव्हत्या. हा दिलासा त्यांनी दोन महिने जपला.

तयारी त्यांनी केली ती शाळेची सहल काढायच्या शिस्तीने. दोन्ही मुलींना लासलगावला मावशीकडे पोचवलं. मग यादी. स्टोव्ह, कुकर, ट्रान्झिस्टर, मच्छरदाणी, गवती टोपी, आयोडीन, शेजारच्यांची घडीची खुर्ची. जयरामरावांनी तंबूची सोय लावली. कचेरीच्या कोठारात सर्वेवाल्यांच्या जुन्या रावट्या पडून होत्या. साहेबांनी तोंडी परवानगी दिली आणि कोठारावरच्या मल्हारीने त्यातल्या त्यात कमी भोकांची एक काढून दिली. रावटीच्या दोन्ही अंगांना हातभर उंचीच्या काळ्या अक्षरांत खात्याचं नाव रंगवलेलं होतं. त्याच्याकडे तेव्हा कोणाचंच लक्ष गेलं नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, एका बुधवारी, सीबीएसच्या स्टँडवरून दिंडोरीकडची गाडी धरून दोघं निघाले. फाट्यावर उतरले, तिथून बैलगाडीने काठापर्यंत गेले. समोर खरंच पाणी होतं आणि पाण्यात खरंच बेट होतं. वत्सलाबाईंना भरून आलं. मग त्यांनी नीट पाहिलं. बेटावर गवताची एक कोपी होती, कोपीपुढे मांडव होता, आणि मांडवाखालून एक म्हातारा उठून त्यांच्याकडेच टक लावून बघत होता.

"अहो, तिथे माणसं आहेत!"

"गाळपेरीची असतील," जयरामराव म्हणाले. "पाणी उतरलं की गाळात टरबुजं, काकड्या लावतात. खातं एका हंगामापुरती जमीन देतं."

"मग हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू बेट म्हणालीस. निर्जन म्हणाली नव्हतीस."

म्हातारा त्यांना न्यायला आला तो ट्रकच्या चार ट्यूबांवर बांधलेल्या बाजेवर उभा राहून, बांबूने रेटत. पाणी छातीइतकंच होतं, पण तळाला गाळ, म्हणून चालत जाता येत नसे. बाजेवर आधी सामान गेलं, मग जयरामराव आणि शेवटी वत्सलाबाई, डोक्यावर गवती टोपी आणि मांडीवर कुकर घेऊन. अर्ध्या वाटेवर बाज एका अंगाला कलली तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. आपण विमलाबाईंसारख्या मुळीच दिसत नसणार, एवढं त्यांना डोळे मिटूनही कळत होतं.

म्हाताऱ्याचं नाव सहादू, त्याच्या बायकोचं धोंडाबाई. रावटी उभारेपर्यंत दोघं लांब उभे राहून बघत होते. ती उभी राहिली, कापड ताणलं गेलं, आणि त्यानंतर मात्र त्यांच्या पाहुणचाराला सीमा राहिली नाही. सहादूने तणाव्यांना दगड आणून बांधले. धोंडाबाईने पाण्याचा माठ आणून ठेवला. पहिल्या दिवशी दोन टरबुजं आली, दुसऱ्या दिवशी सकाळी काकड्यांची पाटी आणि वर ठेचा-भाकरी. काही द्यायला जावं तर म्हातारी हातच मागे घेई. "ऱ्हाऊ द्या बाई, ऱ्हाऊ द्या. तुमी मोठी मान्सं."

चहा आला तो कान असलेल्या कपात, बशीसकट. सहादू आणि धोंडाबाई मात्र जर्मनच्या वाट्यांतून पीत होते. तो वेगळा कप पाहून वत्सलाबाई सावध झाल्या. लहानपणी नामपूरला मामाकडे जाताना वाटेवरच्या गावच्या हॉटेलात आपल्या माणसांसाठी खुंटीला अडकवलेला वेगळा कप त्यांनी पाहिला होता. वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर त्या हॉटेलात पुन्हा पाऊल टाकलं नव्हतं. आडनाव तर आल्याआल्याच सांगून झालेलं होतं. काय बोलायचं ते मनात जुळवत त्यांनी चहा संपवला. पण धोंडाबाईने रिकामा कप घेतला, स्वतःच्या पदराने पुसला आणि आपल्या वाट्यांशेजारीच नीट मांडून ठेवला. तेव्हा त्यांना स्वतःचीच लाज वाटली. माणसं प्रेमळ आहेत, त्यांनी ठरवलं. आणि आपणही काही कमी नाही, चार शब्दांत माणूस जोडतो. हा दुसरा भाग त्यांनी जयरामरावांना बोलूनही दाखवला. ते नुसतं "हं" म्हणाले.

आता आरामाची गोष्ट. विमलाबाईंच्या फोटोत ऊन नव्हतं, म्हणजे होतं, पण भाजत नव्हतं. इथे दहा वाजता रावटी अशी तापे, की स्टोव्हची गरज नसावी. घडीच्या खुर्चीचा लोखंडी दांडा मांडीला चटका देई. वत्सलाबाई खुर्चीत बसत, पाय गाळात ठेवत, पाण्याकडे बघत आणि मनात म्हणत: मी आता काही करत नाहीये. असं एकदा म्हटलं की पुढे काय म्हणायचं ते सुचेना. पंधरा मिनिटांनी त्या उठून रावटीपुढची जागा झाडायला लागत. झाडून झाली की दगड रंगसंगतीने लावत. दुसऱ्या दिवशी दुपारी जयरामरावांनी त्यांना पुढच्या वर्षीच्या पाठांचं टाचण काढताना पकडलं.

"हे काय?"

"सहज. डोकं रिकामं राहू नये म्हणून."

जयरामरावांनी वही घेतली नाही, रागावलेही नाहीत. त्यांनी सदरा काढून खुर्चीवर टाकला, पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर पाण्यात शिरले आणि पाठीवर पडून तरंगायला लागले. हात पसरलेले, डोळे मिटलेले, पोट वर. एकोणीस वर्षांच्या संसारात या माणसाला पोहता येतं हे वत्सलाबाईंना माहीत नव्हतं.

"अहो, तुम्हाला पोहता येतं?"

"मोसम नदीच्या काठी वाढलोय मी."

"कधी बोलला नाहीत!"

"विषय निघाला नाही."

त्या वही मिटून काठावर बसल्या आणि बराच वेळ त्या तरंगत्या पोटाकडे बघत राहिल्या. नंतर कोणी नाही असं पाहून लुगड्यानिशी कमरेएवढ्या पाण्यात गेल्या. जयरामरावांनी पाठीखाली हात धरला आणि म्हणाले, "मान सोड." मान सोडणं हे भूगोल शिकवण्यापेक्षा फार अवघड निघालं. नाकातोंडात पाणी गेलं, टोपी वाहून गेली, पण एक क्षणभर, फार तर दहा आकडे मोजेपर्यंत, त्या तरंगल्या. वर सगळं आभाळ. खाली एक तळहात.

शुक्रवारी सकाळी त्या भांडी घासायला पाण्याकाठी गेल्या. आदल्या दिवशीचा भांडी घासायचा दगड पाण्यापासून पाच-सहा पावलं लांब गेलेला होता. त्या परत आल्या आणि चहा पिणाऱ्या नवऱ्याला मोठ्या उत्साहाने म्हणाल्या, "ओहोटी आहे हो!"

जयरामरावांनी मान वर केली. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. घरून निघताना गॅस बंद करायचा राहिला हे गाडीत आठवावं, तसा.

शनिवारी सकाळी पाणी उरलंच नव्हतं. म्हणजे धरणात होतं, लांब खाली. पण काठ आणि बेट यांच्यामध्ये जिथून ट्यूबांची बाज आली होती तिथे आता चकाकता काळा गाळ पसरला होता आणि पलीकडच्या अंगाला, जिथे जमीन जरा उंच होती, तिथून गावच्या म्हशी शांतपणे चालत बेटावर येत होत्या. त्यांतली एक रावटीच्या तणाव्याला मान घासत उभी राहिली. वत्सलाबाईंनी त्या दृश्याचा मनोमन अर्थ लावला. बुधवारी बेट, शुक्रवारी ओहोटी, शनिवारी द्वीपकल्प. सोमवारपर्यंत नुसती जमीन.

"हे काय झालं?" त्यांनी विचारलं.

"आवर्तन," जयरामराव म्हणाले. "कालव्याला उन्हाळी पाणी सोडलंय."

"आणि तुमच्या खात्याला हे माहीत नव्हतं?"

"होतं ना. पत्र गेलंय सगळ्यांना. 'दिनांक चौदा मेपासून' असं."

"तुम्ही पाहिलं होतं पत्र?"

जयरामरावांनी चष्मा काढून पुसला. "मीच टाइप केलं. तीन प्रतींत."

वत्सलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. संतापायचं की काय करायचं ते ठरेना. तीन प्रतींत टाइप करूनही ज्याच्या डोक्यात ते पाणी शिरलं नाही असा एक, आणि धरणात ओहोटी बघणारी भूगोलाची बाई दुसरी. दोघं बेटावर आराम करायला आले होते. त्यांना हसू फुटलं, आणि ते असं फुटलं की पलीकडून धोंडाबाई धावत आली, बाईला काही झालं का बघायला.

आता परतायचं कसं, हा प्रश्न होता. बाजेला पाणी नव्हतं, चालायला जमीन नव्हती. म्हशीच्या वाटेने माणूस जाईल, पण सामान घेऊन नाही. सहादू म्हणाला, "दोन रोज थांबा सायब. गाळाला खपली धरली म्हंजी गाडी येती. आमी बी त्याचीच वाट बघतोय. माल तयार हाय." त्यांच्यासाठी बेटाभोवतीचं पाणी जाणं ही काही दुःखाची गोष्ट नव्हती. रस्ता मोकळा झाला की टरबुजं बाजारात. जयरामरावांच्या पत्राची त्या बेटावर कोणी खरी वाट पाहिली असेल तर ती सहादूने.

त्याच दुपारी मांडवाखाली धोंडाबाई वत्सलाबाईंजवळ येऊन बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत. मग एकदम म्हणाली, "बाई, एक इचारू का? मोजनी कदी करनार?"

"कसली मोजणी?"

"जमिनीची. तुमी त्याच्यासाठीच आल्या ना. तीन रोज झाले, सायब पान्याकडंच बघून ऱ्हायले. येकदा तर पान्यात बी उतरले, खोली बघाया. ह्यांना झोप नाय. यंदा जमीन दुसऱ्याला देनार हायती का? आमचं काय चुकलं आसंल तं सांगा."

वत्सलाबाईंनी वळून रावटीकडे पाहिलं. हातभर उंचीची काळी अक्षरं तीन दिवस त्या बेटावर उभी होती. टरबुजं, काकड्या, माठ, भाकरी, कप आणि बशी, सगळं एका रांगेत त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं. चार शब्दांत माणूस जोडतो म्हणे आपण. कानशिलं गरम झाली, आणि ती उन्हाने नव्हे.

"नाही हो धोंडाबाई! मोजणी नाही, काही नाही. हे नुसते कारकून आहेत. आम्ही सुट्टीला आलोय."

"हितं?"

"हो."

"घर सोडून?"

"हो."

"घरात काय भांडान झालं का?"

"नाही हो. हौस म्हणून."

धोंडाबाईच्या चेहऱ्यावर अविश्वास स्पष्ट दिसत होता. पक्कं घर, नळाचं पाणी, वर फिरणारा पंखा सोडून माणूस हौसेने गाळात येऊन झोपतो, हे ती कसं मानणार? वत्सलाबाईंनी तीन प्रकारे समजावून पाहिलं. वर्गात त्यांची समजूत घालायची पद्धत पक्की होती, पण इथे एकही प्रकार चालेना. शेवटी त्यांनी हात टेकले आणि खरं ते सांगितलं. विमलाबाई, फोटो, खुर्ची, सात दिवस काही न करणं, जळफळाट, आणि मग आपण ठोकून दिलेली थाप. सांगताना त्यांनी मान खाली घातली होती. ऐकणारीच्या तोंडून एकदम हसण्याचा आवाज आला तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

"मंग आसं सांगा ना!" धोंडाबाई म्हणाली. तिने मांडीवर थाप मारली. "आगं, मी बी माज्या नंदंला सांगितलंय, आमची बाग हाय म्हनून. बाग! धा वरीस झाले, तिला आजून येऊ दिलं नाय."

थोड्या वेळाने चहा झाला. या वेळी तो चारही जर्मनच्या वाट्यांतून आला. कप आणि बशी धोंडाबाईने फडक्यात गुंडाळून कोपीच्या कुडात खोचून ठेवली, खरा साहेब येईल तेव्हासाठी. वाटीचा काठ ओठांना भाजत होता. वत्सलाबाईंनी फुंकर मारून चहा प्यायला आणि त्यांना वाटलं, तीन दिवसांत पहिल्यांदा आपल्याला कोणीतरी चहा दिला.

शाळेत काय सांगायचं याची काळजी त्यांना तरीही थोडी होतीच. पुढे जूनमध्ये शाळा उघडली आणि कोणी काही विचारलंसुद्धा नाही, ही गोष्ट वेगळी. विमलाबाई तोवर मिक्सर आणल्याचं सांगण्यात गुंतल्या होत्या.

रविवारी धोंडाबाईने त्यांना सकाळीच हाक मारली. "बाई, रिकाम्याच हायसा ना? या मंग." आदल्या दिवशीपर्यंत हातातला तांब्याही घेऊ न देणारी म्हातारी आता पाटी पुढे करत होती. टरबूज पिकलं कसं ओळखायचं ते तिने शिकवलं. बोटाने टिचकी मारायची, कान लावायचा. कच्चं टणटण वाजतं, पिकलेलं दबकं बोलतं. वत्सलाबाईंनी पहिली चार चुकीची तोडली.

"मास्तरीन हाय ना तुमी?" धोंडाबाई म्हणाली. "कानानं ऐका. डोक्यानं नका ऐकू."

दुपारपर्यंत कंबर मोडली. जयरामराव आणि सहादू पाट्या वाहत होते. कचेरीत पाण्याचा ग्लाससुद्धा टेबलावर मागवणारे मुख्य कारकून डोक्याला पंचा बांधून, धापा टाकत, अधूनमधून सहादूला काहीतरी सांगून हसवत होते. एवढं बोलणं त्यांनी घरी महिन्यात केलं नसेल. वत्सलाबाईंना त्याचा थोडा हेवा वाटला, आणि थोडी मजा.

सोमवारी सकाळी गाळाला खपली धरली. सहादूच्या पुतण्याची बैलगाडी आली, टरबुजं भरली गेली, त्यांच्यावर रावटी, कुकर, स्टोव्ह आणि घडीची खुर्ची बांधली. मध्यावर आल्यावर खपली फुटली आणि एक चाक आसापर्यंत आत गेलं. सगळे उतरले. वत्सलाबाईंनी आधी पदर खोचला, मग लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं, आणि जयरामरावांच्या शेजारी खांदा लावून गाडी रेटली. "हां, हां, आजून येक डाव!" सहादू ओरडत होता. चाक निघालं. वत्सलाबाईंची उजवी चप्पल मात्र निघाली नाही. तिच्यासाठी हात घालून बघितलं, पण धरणाने ती ठेवून घेतली. मग त्यांनी डावीही काढून गाडीत टाकली.

काठावर निरोप घेताना धोंडाबाईने त्यांच्या हातांत एक टरबूज दिलं. वत्सलाबाईंनी ते आधी टिचकी मारून ऐकलं. म्हातारी खूश झाली.

फाट्यावर गाडीला दीड तास होता. लिंबाच्या झाडाखाली जयरामराव वळकटीला टेकले आणि बोलता बोलता झोपी गेले. तोंड अर्धवट उघडं, पायांवर गाळ सुकून पांढरा पडलेला. वत्सलाबाई शेजारी बसून आपल्या पायांवरचा गाळ नखाने खरवडत होत्या. सुकलेला गाळ कसा छान निघतो, मोठ्या मोठ्या तुकड्यांत. घोट्यावरचा एक तुकडा तर घोट्याच्या गोल आकारासकट निघाला. तो त्यांनी नीट बाजूला ठेवला आणि दुसऱ्या पायाकडे वळल्या.

नाशिकची गाडी आली. कंडक्टरने दार उघडून हाक मारली, "येताय का बाई?"

वत्सलाबाईंनी झोपलेल्या नवऱ्याकडे पाहिलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "मागच्या गाडीने येऊ."

"मागची चारला हाय."

"असू द्या."

गाडी धूळ उडवत गेली. त्यांनी डावा पाय पुढे घेतला.